वेल्डरला घरी बोलावताना

(बेंगळुरूच्या बनशंकरी भागात मराठी बोलणाऱ्या आंबेडकरी मंडळींच्या रविवारच्या वाचन-बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याची शैली आहे तशीच ठेवली आहे.)



मागच्या बैठकीत मी 'जात आणि कौशल्य' या विषयावर बोलेन असं कबूल केलं होतं. घरी गेल्यावर वाटलं, या नावाखाली मी चार मोठी वाक्यं बोलून मोकळी होईन आणि तुम्ही टाळ्या वाजवून. म्हणून विषय लहान केलाय. घरी ग्रिल बसवायला वेल्डर बोलावला तर काय काय होतं, एवढाच. इथे बसलेल्या प्रत्येकानं कधीतरी हे केलेलं आहे. गेट, ग्रिल, जिन्याचा कठडा, टाकीखालचा स्टँड. बनशंकरीत घर केलं आणि वेल्डरची गरज पडली नाही असं होत नाही.

आमच्या घरामागच्या युटिलिटीला ग्रिल नव्हतं. माकडं यायची, कबुतरांनी तर संसार मांडला होता. चार फूट बाय चार फुटांचं उघडं तोंड. शिवाय जुन्या दाराची गंजलेली लोखंडी चौकट कापून काढायची होती. कदिरेनहळ्ळीच्या बाजूला फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, तिथून एक वेल्डर ठरवला. चाळिशीचा माणूस, मंड्याकडचा. घराण्यात लोहारकाम, आजोबांची भट्टी होती असं त्यानंच सांगितलं. त्याच्यासोबत एक मदतनीस पोरगा, मिसरूड नीट न फुटलेला. अठरा पूर्ण आहेत म्हणाला. मी कागद पाहिला नाही, हे आधीच कबूल करते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक पाटी आहे, की कामगारांनी आणि सामान पोहोचवणाऱ्यांनी जिना वापरावा. कारण विचारलं तर लिफ्टला ओरखडे पडतात म्हणतात. फ्रिज मात्र लिफ्टनंच वर येतो. मी त्या पाटीखालून रोज जाते-येते, आणि त्या दिवसापर्यंत तिच्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नव्हतं. दोघांनी मशीन, ग्राइंडर, केबल आणि पंधरा किलोची जाळी जिन्यानं वर आणली.

सकाळी दोघं एकाच बाटलीतून पाणी प्यायले. हे मी पाहिलं होतं, ते लक्षात ठेवा.

पोरगा एक्सटेन्शनचा प्लग लावायला हॉलमध्ये आला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तो थबकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "जय भीम, मावशी." मराठीत. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हटलं, "जय भीम, बाळा! कुठला रे तू?" तर म्हणाला, भालकीकडचा. बिदर जिल्ह्यातला. भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलतात, तुम्हाला माहीत आहे. तिकडून बेंगळुरूला पोटासाठी आलेली किती पोरं आपल्या आसपास असतील, आणि आपण त्यांच्याशी मोडक्या कन्नडमध्ये बोलत असतो. आम्ही दोन मिनिटं मराठीत बोललो. वेल्डर स्टुलावर उभा होता. त्यानं मान वळवून फोटोकडे पाहिलं, मग पोराकडे.

तासाभरानं मी चहा केला. तीन कप, आमचे रोजचे. वेल्डरनं आपला कप घेतला आणि पोराला कन्नडमध्ये सांगितलं, तू खाली जाऊन पी. तसं कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. पोरगा कप घेऊन जिन्यात गेला. चहा झाल्यावर खालच्या नळावर कप विसळून आणला आणि दाराशी ठेवला. माझ्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, माझाच कप. आणि मी? मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते, की काम अर्धवट टाकून वेल्डर गेला तर उघड्या तोंडातून माकडं आत येतील.

बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी आपण इथं किती वेळा वाचली. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी. त्या वेल्डरला मला खलनायक करायचं नाही. थोड्या वेळापूर्वी त्यालाच लिफ्ट नाकारली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तर त्याच्या देखत मला इंग्रजीत सांगितलं होतं, की ही माणसं वजनात मारतात, लक्ष ठेवा. त्याला तेवढं इंग्रजी कळत होतं. पण वरून आलेलं त्यानं गिळलं आणि खाली देऊन टाकलं. तेही कधी, तर पोराची जात माझ्या उत्साही 'जय भीम'मुळे उघडी पडल्यानंतर. पोरगा हळू का बोलला होता, हे मला तेव्हा कळलं.

पुढे जाण्याआधी त्या वजनाचं सांगते. ग्रिलचा हिशेब किलोवर होतो आणि घरमालक संशय घेतो. हा संशय मोडायला गणित पुरतं. माझे वडील वेल्डर होते, त्यांच्या डायरीत सूत्र लिहिलेलं आहे. पट्टीची किंवा बारची रुंदी गुणिले जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.00785. जे येईल ते एका मीटरचं वजन किलोमध्ये. 10 मिलिमीटरचा चौकोनी बार म्हणजे मीटरला 785 ग्रॅम. 25 बाय 5 ची पट्टी म्हणजे जवळजवळ 980 ग्रॅम. माझ्या ग्रिलला चौकटीची पट्टी पावणेपाच मीटरच्या थोडी वर, आणि उभे अकरा बार मिळून साधारण साडेतेरा मीटर. सगळं धरून पंधरा किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास. वर वेल्डिंगच्या रॉडचा भरणा. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं साडेपंधरा. माणूस चोख होता. समोरच्या बाईंना मी तो हिशेब कागदावर दाखवला. त्या म्हणाल्या, हो का. संशय घ्यायला एक क्षण पुरला होता, मागे घ्यायला त्यांना शब्द सापडला नाही.

आता ठिणगीकडे येते.

वेल्डिंग करताना जो लखलखाट होतो त्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरणं असतात. उघड्या डोळ्यांनी त्याकडे पाहिलं तर लगेच काही होत नाही, हीच त्यातली मेख आहे. माणूस काम करतो, घरी जातो, जेवतो. सहा-बारा तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या पापुद्र्याला ते उन्हानं भाजण्यासारखं आहे. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येतं. म्हणून कोणी मनावर घेत नाही. आमच्याकडे वडील असे आले की आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि मी दिवा मालवून त्यांना पेपर वाचून दाखवायची. अंधारात पेपर कसा वाचायचे? दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात. तेव्हा मला तो खेळ वाटायचा.

त्या दिवशी वेल्डरकडे हातात धरायची एक काच होती. पोराकडे काहीच नव्हतं. बार जागेवर धरून ठेवायचं काम त्याचं. टॅक मारताना तो तोंड फिरवायचा आणि डोळे मिटायचा. दर वेळी वेळेत मिटले जातातच असं नाही. वेल्डर टॅक मारण्याआधी सांगायचा, पण अकरा बार, प्रत्येकाला वर-खाली दोन टोकं, म्हणजे बावीस जोड. मी वेल्डरची मुलगी. मला हे सगळं माहीत होतं. घरात उन्हाचा साधा चष्मा होता. तो या कामाला पुरत नाही म्हणून दिला नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं तर सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला नाही. वेल्डर म्हणाला, त्याचे डोळे लागले. दुसरा एक मुलगा आणला होता. डोळे लागले हे खरंच होतं, मी नंतर फोन करून बोलले त्याच्याशी. पण चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे बरे झाल्यावर तो दुकानात गेला तर त्याची जागा भरलेली होती. डोळ्यांमुळे, की त्या चहाच्या कपामुळे? त्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "मावशी, दोन्हीत फरक काय हाय?"

हा प्रश्न घेऊन मी कायदे उघडून बसले.

माझे वडील रेल्वेच्या एका कारखान्यात राखीव जागेवर अप्रेंटिस म्हणून लागले आणि वेल्डर झाले. 1948 च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये कलम 35 होतं, खास डोळ्यांच्या रक्षणाचं. कण उडण्याचा किंवा अति प्रकाशाचा धोका असेल तिथे चष्मे किंवा आडपडदे पुरवायला लावण्याची तरतूद. वडिलांना काच मिळायची, फुटली तर बदलून मिळायची. तरी ते अधूनमधून डोळे भाजून यायचे, पण भांडायला कलम होतं आणि युनियन होती. त्या कायद्यात फॅक्टरी कशाला म्हणायचे? तर विजेवर काम चालत असेल आणि दहा माणसं असतील तर. कदिरेनहळ्ळीच्या त्या दुकानात मालकासकट चार माणसं. म्हणजे कलम 35 तिथे पोहोचत नव्हतं.

बरं, माझ्या घरी येऊन तो बांधकामाचंच काम करत होता. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा होता, कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आहे. पण त्या कायद्यात आस्थापनेच्या व्याख्येत एक सूट होती. स्वतःच्या राहत्या घराचं काम असेल आणि खर्च दहा लाखांपेक्षा जास्त नसेल, तर तो घरमालक या कायद्याच्या बाहेर. म्हणजे मी बाहेर. आणि आता नव्या श्रम संहिता आल्या, 2019 आणि 2020 मध्ये मंजूर झाल्या, नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाल्या. त्यांत घराच्या कामाची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाख झाली आणि विजेवर चालणाऱ्या फॅक्टरीसाठी दहाऐवजी वीस माणसं. बेंगळुरूत पन्नास लाखांत काय होतं ते तुम्हीच सांगा, इथे तेवढ्यात फ्लॅटही येत नाही. पण दुरुस्ती, ग्रिल, गेट, वरचा एक मजला, हे सगळं त्यात बसतं. ठिणगी तीच, अतिनील किरणं तीच. माझ्या बापाच्या डोळ्यांना जे कलम होतं, ते त्या पोराच्या डोळ्यांना नाही.

त्यात आणखी एक गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही. कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामाचं काम केलेलं असावं लागतं. आज इथं अर्धा दिवस, उद्या तिथं दोन दिवस, असं घरोघरी काम करणाऱ्याला त्या 90 दिवसांचा पुरावा कोण देणार? आपण पैसे देतो, चिठ्ठी देत नाही.

आता इतिहासाकडे थोडं वळते, कारण हा कप आणि ही ठिणगी नवी नाहीत. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्या कामगाराचं तोंड लागायचं. विणकाम खात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळ नुसता मनात नव्हता, तो पगारपत्रकात होता. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. त्यानंतर दहा वर्षांनी, 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथल्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते आपल्याला पाठ असतं. पण त्याच भाषणात त्यांनी बारीक तपशील दिलेत. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. माझे आजोबा जी.आय.पी.त गँगमन होते. ते परिषदेला गेले होते की नाही हे घरात कोणाला ठाऊक नाही, पण ते गँगमन म्हणूनच निवृत्त झाले.

पोर्टरची ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. नोकरी रेल्वेची, आणि दार बंद झालं ते स्टेशनमास्तरच्या घराचं.

वेल्डिंग हे खरं तर आपल्यासाठी मोकळं काम. बलुत्यात सुतार होता, लोहार होता, वेल्डर नव्हता. गावगाड्यात या कामाला जात नेमून दिलेली नाही, कारण गावगाडा घडला तेव्हा हे काम जगातच नव्हतं. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, आठवी पास झालेल्याला प्रवेश. दलित, मुस्लिम, ओबीसी, सगळ्या घरांतली पोरं या कामात आली. पण शासनाची नजर बघा. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हातोडा आणि अवजारं बनवणारा आहे, चांभार, कुंभार, न्हावी, धोबी आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपये, स्वस्त कर्ज. भाषा कोणती? कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय. वेल्डर त्या यादीत नाही. म्हणजे बाप जे करायचा ते पोरानं केलं तर सरकार हात देणार, आणि बापाचं सोडून नवं काही शिकला तर या योजनेत त्याला जागा नाही. तमिळनाडू सरकारनं 2024 मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या रूपात घ्यायला नकार दिला. आपल्याकडे त्यावर फारशी चर्चा झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोहारकाम करणाऱ्यांचंही सगळं बरं चाललंय असं समजू नका. महाराष्ट्रात रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी आठवा. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण मारते. विळा-खुरपं कारखान्यातून यायला लागलं तसं त्यांचं काम गेलं. भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे, पण अनेकांकडे राहत्या जागेचा कागद नाही. खंडेनवमीला आपण, म्हणजे हा समाज, अवजारांची पूजा करतो. इथे बेंगळुरूत तर आयुधपूजेला प्रत्येक मशीनला झेंडूचा हार. ग्राइंडरला हळदकुंकू लावतात आणि ग्राइंडर धरणाऱ्याला जिन्यात चहा देतात.

बरं, मग करायचं काय? मागे बसलेले आपले मित्र आता म्हणतील, की ताई, चष्मा देऊन जात जात नाही, संघटना हवी. मला ते मान्य आहे. संघटना हवीच. पण माझ्या युटिलिटीत उद्या सकाळी दहा वाजता जो माणूस ग्राइंडर चालू करणार आहे त्याच्यासाठी आज मी काय करणार, हेही सांगावं लागेल. कायद्यानं मला मालक मानायचं नाकारलं म्हणून मी मालक नाही असं होत नाही. आणि दुसरं, चष्मा ही मेहेरबानी नाही. कारखान्यात ती मालकाची जबाबदारी होती, ती माझ्या घरात आल्यावर दानधर्म कशी झाली?

मी आता घरी वेल्डिंगची दोन हेल्मेटं आणली आहेत, दोन, कारण माणसं दोन असतात. साध्या वेल्डिंगला दहा किंवा अकरा नंबरच्या शेडची काच लागते. फिकट काच चालत नाही, काळा गॉगल तर मुळीच नाही. ग्राइंडरसाठी वेगळा पारदर्शक चष्मा. लोखंड कापताना चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. तिच्यावरचं लोखंडी कव्हर बहुतेकांनी काढून टाकलेलं असतं, कोपऱ्यात हात जात नाही म्हणून. ते लावायला सांगा, आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा वेळ पैशात धरा. नाहीतर तो ते का लावेल? चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर तारीख छापलेली असते. ती उलटून गेली असेल तर चकती फेकून द्या, पैसे तुम्ही द्या.

पाइप किंवा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढावं लागतं. तसंच वेल्डिंग केलं तर पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी माणसाला हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. लोक दूध प्या म्हणतात. दुधानं काही होत नाही, मोकळी हवा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. म्हणून बंद बाथरूममध्ये काम करायला लावू नका. जाळी खाली दुकानात जोडून आणता येत असेल तर तिथंच जोडू द्या, घरी फक्त बसवणं ठेवा. बंद पिंप, जुनी टाकी, ज्यात कधी रॉकेल किंवा रंग होता, ती कापायला तर सांगूच नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो. ठिणग्या तीस-पस्तीस फुटांपर्यंत जातात. पडदे काढा, गॅसचा सिलिंडर दुसऱ्या खोलीत न्या, बादलीभर वाळू ठेवा. पावसात बाहेरचं काम थांबवा आणि थांबलेल्या वेळाचे पैसे द्या. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, मलाही.

आणि कप. कपाबद्दल मी फार विचार केला. पुढच्या वेळी दुसरा वेल्डर आला, गेट दुरुस्त करायला, तेव्हा मी चहा बाहेर नेला नाही. चौघांना आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं, मीही बसले. कोणाची जात विचारली नाही, मोठ्यानं जय भीमही म्हटलं नाही. फोटो भिंतीवर होताच. ज्याला बोलायचं तो बोलेल. तो चहा सहज झाला असं म्हणणार नाही, एकजण खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. लिफ्टच्या पाटीबद्दल इमारतीच्या सभेत पत्र दिलंय. दोन सभा झाल्या, विषय पुढे ढकलला. तिसऱ्या सभेत पुन्हा देणार आहे.

काम झाल्यावर आता मी चिठ्ठी लिहून देते. तारीख, कामाचं स्वरूप, किती दिवस, किती माणसं, त्यांची नावं, किती पैसे, माझी सही आणि पत्ता. मदतनीसाचं नाव वेगळ्या ओळीत. 90 दिवसांच्या पुराव्यात ती चिठ्ठी कोणता अधिकारी धरेल याची मी खात्री देत नाही. पण ज्याच्याकडे अशा तीस-चाळीस चिठ्ठ्या असतील, त्याच्याकडे काहीतरी असेल.

त्या भालकीच्या पोराला त्या दिवसाची मजुरी मिळाली नव्हती, ती मी दिली. दोन दिवस डोळ्यांमुळे बुडाले, तेही दिले. त्यानं घ्यायला आढेवेढे घेतले. आता तो दुसऱ्या दुकानात आहे, सारक्कीच्या बाजूला, आणि हेल्मेट वापरतो. कारण त्याच्याकडे आता आहे, एवढंच. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. विचारत होता, आयटीआयला कसं जायचं. आठवी लागते आणि त्यानं सातवीत शाळा सोडली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मुक्त मूलभूत शिक्षणात 'क' पातळी आहे, ती आठवीच्या बरोबरीची धरतात. अभ्यास मराठीत करायचा की कन्नडमध्ये, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. गणिताला तो घाबरतो. मी वडिलांच्या डायरीतलं ते 0.00785 चं सूत्र त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, हे तर मला येतं, दुकानात मीच वजन काढतो.

जवळचं केंद्र कुठलं आणि प्रवेश कधी सुरू होतात, हे कोणाला नीट माहीत असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. विज्ञान शिकवायला रविवारी दोन तास देणारं कोणी हवं आहे. गणित मी बघते.

जय भीम.